पोकलेनचा उचललेला हात आपोआप खाली का येतो?

शहरात कोठेही नजर टाका, खोदकाम सुरू असतेच. कुठे मेट्रोच्या खांबांसाठी, कुठे जलवाहिनीसाठी, तर कुठे जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या पायासाठी. या प्रत्येक ठिकाणी लांब हाताचे, साखळीच्या पट्ट्यांवर चालणारे एक धूड दिसते. त्याचे कारखान्यातील नाव काहीही असो, आपल्याकडे त्याला सर्रास ‘पोकलेन’ म्हणतात. एका फ्रेंच कंपनीचे हे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले आहे. हे यंत्र काम करताना पाहण्यासाठी रस्त्यावर गर्दी जमते. पण ते उभे असताना त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. वास्तविक त्याचा एक महत्त्वाचा आजार तेव्हाच दिसतो. हात उचलून ठेवलेला असतो, इंजिन बंद असते, ऑपरेटर चहाला गेलेला असतो आणि तो कित्येक टनांचा हात कोणीही हात न लावता बोटाबोटाने खाली सरकत असतो.

यंत्रदुरुस्तीच्या भाषेत याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. मेकॅनिक मंडळी ‘बूम बसतोय’ असे म्हणतात. वरवर किरकोळ वाटणारी ही तक्रार दोन कारणांनी गंभीर आहे. पहिले कारण सुरक्षिततेचे. खड्ड्यात पाइप जोडणारा मजूर आणि त्याच्या डोक्यावर थांबलेले बकेट यांच्यामध्ये सिलिंडरात अडकलेल्या तेलाखेरीज काहीही नसते. दुसरे कारण पैशाचे. कर्ज काढून एखादे यंत्र घेतलेल्या छोट्या मालकाला ही तक्रार आली, की बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो : ‘सील किट बदला.’ सिलिंडर उतरविला जातो, सील बदलली जातात, यंत्र दोन-तीन दिवस उभे राहते आणि इतके करूनही बूम पूर्वीसारखाच बसत राहतो. खरा दोषी दुसरीकडेच असतो. तो नेमका कसा शोधावा, याचे शास्त्र अवघड नाही. मात्र त्यासाठी आधी सिलिंडरात काय घडते हे समजून घ्यावे लागते.

तेलाच्या खांबावर तोललेले ओझे

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकात मांडला. त्याला व्यवहारात आणले इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा यांनी. १७९५ मध्ये त्यांनी हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. ब्रामांपुढची मोठी अडचण कोणती होती? दाबाखालचे पाणी पिस्टनच्या कडेने निसटून जात असे. दाब वाढेल तशी आपोआप अधिक घट्ट बसणारी चामड्याची सील वापरून ती सोडविण्यात आली. या युक्तीचे श्रेय सामान्यतः त्यांच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ले यांना दिले जाते. थोडक्यात, हायड्रॉलिक यंत्राइतकीच त्याच्या गळतीची समस्याही जुनी आहे. चामड्याची जागा आज पॉलियुरेथेन, नायट्राइल रबर आणि टेफ्लॉन यांनी घेतली आहे, एवढाच फरक.

पोकलेनच्या हाताचे तीन भाग असतात. यंत्राच्या धडाला जोडलेला जाड भाग म्हणजे बूम, त्याच्या पुढचा आर्म आणि टोकाला बकेट. या तिघांना हलविणारे सिलिंडर वेगवेगळे असतात. प्रत्येक सिलिंडरात एक पिस्टन असतो आणि पिस्टनला जोडलेला चकचकीत क्रोम केलेला रॉड एका टोकातून बाहेर येतो. त्यामुळे सिलिंडराचे दोन कप्पे पडतात. पिस्टनच्या मागचा कप्पा पूर्ण रिकाम्या नळकांड्यासारखा असतो. त्याला आपण बुडाची बाजू म्हणू. पुढच्या कप्प्यात मात्र रॉडने बरीचशी जागा व्यापलेली असते. ती रॉडची बाजू. बुडाच्या बाजूला तेल भरले की रॉड बाहेर येतो, रॉडच्या बाजूला भरले की तो आत जातो.

हे तेल कोठे पाठवायचे ते कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवितो. त्याच्या पोटात ‘स्पूल’ नावाचा खाचा पाडलेला पोलादी दांडा मागेपुढे सरकतो. ऑपरेटरने लिव्हर सोडले की स्पूल मध्यावर येतो आणि सिलिंडराकडे जाणारे दोन्ही मार्ग बंद होतात. बूम वर राहतो तो या बंद मार्गांमुळे. इंजिन चालू आहे की बंद, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. तेल जवळजवळ दाबले न जाणारे असल्याने बुडाच्या बाजूला अडकलेला तेलाचा खांब बूमला तोलून धरतो. या खांबातले तेल कोठूनही बाहेर निघू लागले, की बूम खाली येणारच. तेव्हा ‘बूम का बसतो?’ या प्रश्नाचा खरा अर्थ ‘तेल कोणत्या वाटेने निघून जाते?’ असा आहे.

किती उतरणे स्वाभाविक?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नवे कोरे यंत्रही थोडेफार उतरते. स्पूल आपल्या भोकात सहज सरकावा म्हणून दोहोंमध्ये काही मायक्रॉनची फट मुद्दाम ठेवलेली असते. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन धरली, तर ही फट किती सूक्ष्म असेल याची कल्पना येईल. तरीही दाबाखालचे तेल तिच्यातून थेंब थेंब झिरपतेच. म्हणूनच उत्पादकांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत ‘अमुक स्थितीत, अमुक मिनिटांत, अमुक मिलिमीटरपर्यंत’ अशी मर्यादा दिलेली असते. या मर्यादेच्या आतले उतरणे म्हणजे दोष नव्हे.

गळती किती लहान असू शकते हे पाहण्यासाठी एक साधे गणित करू. २० टन वर्गातील पोकलेनच्या बूमला सुमारे १२० मिलिमीटर अंतर्व्यासाचे दोन सिलिंडर असतात. दोन्ही पिस्टनांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २२६ चौरस सेंटिमीटर भरते. पाच मिनिटांत रॉड १० मिलिमीटर आत गेला, तर २२६ मिलिलिटर तेल निघून गेले; म्हणजे मिनिटाला सुमारे ४५ मिलिलिटर. मोठे तीन चमचे! रॉड पाच मिनिटांत एकच मिलिमीटर सरकत असेल, तर गळती मिनिटाला एका लहान चमच्याइतकीही नसते. मात्र बूम लांब असल्याने रॉडची ही लहानशी हालचाल बकेटच्या टोकाशी कितीतरी मोठी होऊन दिसते. म्हणून जमिनीवरून नुसते डोळ्यांनी पाहून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. शिवाय बकेटच्या पिना आणि बुश झिजलेले असतील, तर त्या खेळामुळेही बकेट सुरुवातीला थोडे झुकते. त्याचा तेलाशी काही संबंध नसतो.

दुसरी गोष्ट तापमानाची. हायड्रॉलिक तेल दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०७ टक्क्याने आकुंचन पावते. दिवसभर काम करून ६० अंशांवर गेलेले तेल रात्रीत ३० अंशांवर आले, तर ते सुमारे २ टक्के आक्रसते. सिलिंडरात एक मीटर लांबीचा तेलाचा खांब असेल, तर तो एकही थेंब न गळता दोन सेंटिमीटरने आखूड होतो. संध्याकाळी बूम उचलून ठेवला आणि सकाळी तो उतरलेला दिसला, एवढ्यावरून दुरुस्तीचा निर्णय घेता येत नाही, तो यामुळेच. अर्थात, रात्रभर बूम उचलून ठेवणे ही मुळातच चुकीची सवय आहे, हा भाग वेगळा.

संशयित कोण कोण?

मर्यादेबाहेर उतरणाऱ्या बूमच्या बाबतीत तेलाला निघून जाण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. पहिली, पिस्टनवरची सील झिजून किंवा नळकांड्याच्या आतील पृष्ठभागावर ओरखडे पडून तेल एका कप्प्यातून दुसऱ्यात जाते. दुसरी, कंट्रोल व्हॉल्व्हमधील स्पूल झिजल्याने किंवा कचरा अडकून तो मध्यावर न आल्याने तेल टाकीकडे झिरपते. तिसरी वाट होल्डिंग व्हॉल्व्हची. स्पूलची अपरिहार्य गळती सिलिंडरापर्यंत पोहोचू नये म्हणून बूम आणि आर्मच्या भार पेलणाऱ्या बाजूला हा शंकूच्या आकाराचा, आपल्या बैठकीवर घट्ट बसणारा व्हॉल्व्ह बहुतेक आधुनिक यंत्रांत असतो. त्याच्या बैठकीवर धातूचा कण अडकला, की तो निकामी होतो. चौथी वाट रिलीफ व्हॉल्व्हची. बाहेरून धक्का बसल्यास जादा दाब सोडून देण्यासाठी प्रत्येक मार्गावर तो बसविलेला असतो. तोही कचऱ्याने किंचित उघडा राहू शकतो. पाचवी वाट उघड दिसणारी : फुटलेली नळी, ढिला जोड किंवा रॉडच्या तोंडाशी असलेल्या सीलमधून बाहेर येणारे तेल.

यांपैकी पहिल्या चारही गळत्या यंत्राच्या आतल्या आत होतात. जमिनीवर तेलाचा थेंबही सांडत नाही, टाकीतली पातळी कमी होत नाही. त्यामुळे निदानाच्या नावाखाली अंदाज सुरू होतात आणि अंदाजात पहिला बळी जातो तो पिस्टनच्या सीलचा.

सीलवरचा आळ

पिस्टनचे सील गळत असेल तर बूम खाली येणारच, हे इतके उघड वाटते की त्यावर कोणी शंका घेत नाही. पण जरा विचार करून पाहा. समजा, पिस्टनवरचे सील पूर्णपणे काढून टाकले आहे, मात्र सिलिंडराची दोन्ही तोंडे पक्की बंद आहेत. बूमच्या भाराने रॉड आत ढकलला जात आहे. बुडाच्या बाजूचे तेल आता पिस्टनच्या कडेने रॉडच्या बाजूला जाऊ शकते. मग रॉड आत जाईल का?

जाणार नाही. रॉड आत शिरला की तो सिलिंडरातली जागा व्यापतो, म्हणजे तेलासाठीची एकूण जागा कमी होते. तेल दाबले जात नाही आणि बाहेर पडायला वाट नाही. त्यामुळे रॉड अगदी किंचित सरकून थांबतो. फरक पडतो तो दाबात. पूर्वी बुडाच्या बाजूचा दाब पिस्टनच्या पूर्ण क्षेत्रफळावर काम करीत होता. आता दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाल्याने भार पेलण्याचे काम फक्त रॉडच्या क्षेत्रफळाएवढ्या भागावर येते. १२० मिलिमीटरच्या पिस्टनला ८५ मिलिमीटरचा रॉड असेल, तर हे क्षेत्रफळ जवळजवळ निम्मे होते आणि तोच भार पेलण्यासाठी दाब दुप्पट व्हावा लागतो.

प्रत्यक्ष यंत्रात दोन्ही तोंडे पक्की बंद नसतात. बूमच्या बुडाच्या बाजूला होल्डिंग व्हॉल्व्ह पहारा देतो. पण रॉडची बाजू सामान्यतः केवळ स्पूलच्या भरवशावर असते. सील गळके असेल तर तेल रॉडच्या बाजूला येते, तेथे दाब वाढतो आणि तेथून ते स्पूलच्या फटीतून टाकीकडे जाते. म्हणजे होल्डिंग व्हॉल्व्ह शाबूत असूनही त्याला वळसा घालून तेल पळते. म्हणून सील निर्दोष असते असे नव्हे. परंतु बूम उतरण्यासाठी सीलला नेहमी एक साथीदार लागतो, आणि होल्डिंग किंवा रिलीफ व्हॉल्व्ह गळत असेल तर सील ठणठणीत असतानाही बूम बसतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आर्मची गोष्ट उलटी आहे. आर्म पुढे पसरलेला असताना त्याचे वजन त्याला खाली, यंत्राच्या दिशेने ओढते. त्यामुळे सिलिंडराचा रॉड बाहेर खेचला जातो. येथे भार रॉडच्या बाजूच्या तेलावर असतो. रॉड बाहेर जाताना सिलिंडरातली एकूण जागा वाढते, कमी होत नाही. त्यामुळे रॉडच्या बाजूचे तेल गळक्या सीलमधून मागे गेले, की आर्म विनाअडथळा उतरू लागतो. उरलेली पोकळी भरण्यासाठी परतीच्या मार्गातून तेल आत घेतले जाते. आर्मच्या बाबतीत सील एकटेच गुन्हेगार असू शकते. रॉडच्या तोंडाशी होणारी बाहेरची गळतीही आर्ममध्ये थेट ड्रिफ्टला कारण ठरते. बूममध्ये तसे होत नाही, कारण तेथे रॉडच्या बाजूवर भार नसतो. तात्पर्य, कोणता सिलिंडर आणि त्यावरचा भार कोणत्या बाजूला, हे न विचारता केलेले निदान हे निदानच नव्हे.

तपासणीचा क्रम

तपासणीची सुरुवात पान्याने नव्हे, तर मोजमापाने व्हावी. पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत बूम, आर्म आणि बकेट ठेवायचे, तेल कामाच्या तापमानावर, म्हणजे साधारण ५० अंशांच्या आसपास आणायचे, इंजिन बंद करायचे आणि ठरावीक मिनिटांनी रॉड किती सरकला ते मोजायचे. थंड तेलावर घेतलेली नोंद दिशाभूल करते. ४६ क्रमांकाच्या तेलाची ४० अंशांना जी स्निग्धता असते, ती ८० अंशांना सुमारे चौथाईवर येते. तेवढ्याच फटीतून चौपट तेल झिरपते. सकाळी ताठ उभा राहणारा बूम दुपारी बसू लागतो याचे इंगित हेच. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या चंद्रपूरसारख्या भागात हा फरक अधिक ठळकपणे दिसतो. मोजणी करताना तीनही सिलिंडरांच्या नोंदी स्वतंत्र घ्याव्यात. अनेकदा तक्रार बूमची असते आणि प्रत्यक्षात सरकत असतो आर्म.

दुसरी पायरी लक्षणांची. इंजिन चालू असतानाच बूम उतरतो आणि बंद केल्यावर थांबतो, असे असेल तर संशय सिलिंडरावर नसून लिव्हरकडून येणाऱ्या नियंत्रक दाबावर किंवा मध्यावर न येणाऱ्या स्पूलवर घ्यावा. लिव्हर वर उचलण्यासाठी ओढताच बूम आधी झटक्यात थोडा खाली येऊन मग वर जात असेल, तर कंट्रोल व्हॉल्व्हमधील एकदिश व्हॉल्व्ह गळत असतो; हा ड्रिफ्टपासून वेगळा आजार आहे. तक्रार हळूहळू वाढत गेली असेल तर झीज, आणि एका दिवसात अचानक उद्भवली असेल तर बैठकीवर अडकलेला कचरा, असा ढोबळ ठोकताळा बांधता येतो. नुकतीच नळी किंवा पंप बदलला असेल, तर दुसरी शक्यता बळावते.

तिसरी पायरी एका सोप्या पण अर्थपूर्ण चाचणीची आहे. अनेक यंत्रांत इंजिन बंद झाल्यावरही लिव्हरसाठीचा दाब साठवून ठेवणारा अ‍ॅक्युम्युलेटर असतो. बूम उचललेला असताना इंजिन बंद करून, किल्ली चालू स्थितीत ठेवून, लिव्हर ‘वर’च्या दिशेने ओढायचे. अशा वेळी सिलिंडराची रॉडची बाजू टाकीला जोडली जाते. पिस्टनचे सील गळके असेल, तर तेथे साचलेल्या दाबाला मोकळी वाट मिळते आणि बूम उतरण्याचा वेग वाढतो. वेग तसाच राहिला, तर सील बहुधा ठीक आहे. शोध होल्डिंग व्हॉल्व्ह आणि कंट्रोल व्हॉल्व्हकडे वळवावा. वर पाहिलेला ‘साथीदारा’चा सिद्धान्त येथे कामाला येतो.

चौथी पायरी म्हणजे व्हॉल्व्हची अदलाबदल. अनेक यंत्रांत दोन मार्गांवरचे रिलीफ व्हॉल्व्ह एकाच प्रकारचे आणि एकाच दाबाला लावलेले असतात. त्यांची जागा बदलायची आणि पाहायचे : दोष व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या मार्गावर गेला, तर गुन्हेगार सापडला. यासाठी नवा सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही, लागतात ते केवळ स्वच्छ हात आणि नव्या ओ-रिंग. होल्डिंग व्हॉल्व्हही उघडून त्याच्या बैठकीवर ओरखडा किंवा कण आहे का, ते पाहता येते.

पाचवी पायरी थेट सीलच्या परीक्षेची. रॉड पूर्ण बाहेर काढून, यंत्रणेतील दाब सोडून दिल्यानंतर, रॉडच्या बाजूची नळी सिलिंडरापासून सोडवायची आणि नळीचे तोंड पक्के बंद करायचे. मग इंजिन चालू करून बुडाच्या बाजूला पूर्ण दाब द्यायचा आणि सिलिंडराच्या उघड्या तोंडातून मिनिटाला किती तेल येते ते मापाच्या भांड्यात मोजायचे. येथे कंट्रोल व्हॉल्व्हचा संबंध तोडलेला असल्याने मिळणारे उत्तर निर्विवाद असते. एकच मर्यादा लक्षात ठेवायची. पिस्टन एका टोकाला असताना ही परीक्षा होते. नळकांडे मधल्या भागात फुगलेले किंवा ओरबाडलेले असेल, तर ते येथे निसटू शकते. तिसऱ्या पायरीतील चाचणी मधल्या स्थितीत घेण्याचे महत्त्व यासाठी आहे.

या साऱ्या पायऱ्यांना अर्ध्या दिवसापेक्षा फारसा जास्त वेळ लागत नाही. सिलिंडर उतरविण्याची वेळ आलीच, तर ती यानंतर यावी.

मूळ कारण : धूळ

सील असो वा व्हॉल्व्ह, त्यांच्या झिजण्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असते, ते म्हणजे तेलातील कचरा. फटीतून होणारी गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारे, काही मायक्रॉनचे कणही स्पूल घासून महिन्यांत मोठा फरक घडवितात. हे कण आत येतात ते रॉडवरच्या धुळीतून, टाकीच्या बिघडलेल्या झाकणातून आणि सर्वांत खेदाची गोष्ट म्हणजे उघड्या डब्यातून, मळक्या फनेलने भरलेल्या तेलातून. रॉडच्या तोंडाशी धूळ पुसणारे वायपर सील फाटले, तर ते त्वरित बदलणे ही मोठ्या खर्चाविरुद्धची स्वस्त विमा-पॉलिसी ठरते. एखाद्या सिलिंडराचे सील तुकडे होऊन निकामी झाले असेल, तर ते तुकडे तेलाबरोबर व्हॉल्व्हपर्यंत गेले असणार, हे गृहीत धरून तेल व फिल्टर बदलल्याशिवाय नवे सील बसवू नये. त्याचप्रमाणे नळकांड्याच्या आत ओरखडा असताना नवे सील घालणे म्हणजे नवे सीलही ओरबाडून घेणे होय.

जिवाशी गाठ

या विषयातील सर्वांत महत्त्वाची बाब शेवटी सांगायची ठेवली, ती विस्मरणात जाऊ नये म्हणून. वर सांगितलेल्या चाचण्या प्रशिक्षित माणसानेच, त्या यंत्राची पुस्तिका समोर ठेवून आणि बूमच्या टप्प्यात कोणीही नसताना करायच्या आहेत. भार पेलणाऱ्या बाजूची नळी चुकून सोडविली, तर बूम बोटाबोटाने नव्हे, एका क्षणात कोसळतो. पोकलेनच्या यंत्रणेतील दाब ३५० बारच्या घरात असतो. मोटारीच्या टायरमध्ये तो सुमारे २ बार असतो. सुईएवढ्या छिद्रातून उडणारी तेलाची धार कातडी भेदून शरीरात शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसते, दुखणेही सुरुवातीला कमी असते. परंतु ही शस्त्रक्रियेची तातडीची स्थिती आहे, आणि उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. म्हणून गळती शोधताना हात फिरवायचा नसतो, तर पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा तुकडा धरायचा असतो.

जेसीबीच्या पुढच्या लोडर-हातांना लावण्यासाठी पोलादी सुरक्षा-आधार मिळतो, डंपरच्या उचललेल्या हौद्याखाली टेकू देण्याची सोय असते. ‘दोन मिनिटांचे काम आहे’ म्हणून तो न लावता खाली शिरणे हे अशा अपघातांचे नेहमीचे कारण आहे. बूम उतरत नसला तरी नळी फुटू शकते. सील नवे असले तरी कोणाचा हात लिव्हरला लागू शकतो. त्यामुळे नियम एकच : काम थांबले की बकेट जमिनीवर, आणि उचललेल्या भाराखाली कोणीही नाही. क्रेनऐवजी पोकलेनने पाइप उचलण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. तशा कामासाठी नळी फुटल्यास भार जागीच रोखणारा व्हॉल्व्ह थेट सिलिंडरावर बसविलेला असावा, अशी अपेक्षा जगभर केली जाते. असा व्हॉल्व्ह आपल्या यंत्रावर आहे का, हे ठेकेदाराने काम घेण्यापूर्वीच पाहायला हवे.

यंत्राच्या मालकाने मेकॅनिककडे मागायच्या गोष्टी फार नाहीत. दुरुस्तीपूर्वी किती मिनिटांत रॉड किती मिलिमीटर सरकला, तेव्हा तेलाचे तापमान काय होते, भार कोणत्या बाजूवर होता आणि दुरुस्तीनंतर त्याच स्थितीत किती सरकला, या चार नोंदी कागदावर मिळाल्या, तर सील किटचा खर्च योग्य जागी झाला की नाही ते कळेल. आणि रस्त्यावरून जाणाऱ्या नागरिकाला एखाद्या खड्ड्यावर उचललेले बकेट आणि त्याखाली वाकलेला माणूस दिसला, तर तेथील मुकादमाला थांबवून बकेट जमिनीवर टेकवायला सांगणे, एवढे त्याच्या हाती निश्चितच आहे.